पेल्यावरचे ओठ

१० मार्च, सोमवार

जुन्या हिशोबाच्या वहीची मागची बरीच पानं कोरी राहिली होती. फेकवेनात. म्हटलं, यातच लिहावं. कुणाजवळ मन मोकळं करायची मला सवय नाही. देवाजवळ बोलते, पण त्याच्याजवळ बोललेलं नंतर नीट आठवत नाही, आणि हे आठवावं लागणार आहे असं वाटतं.

आज सकाळी अकराला पोलिस घरी आले. एक अधिकारी आणि बरोबर लिहून घेणारी बाई. बेबी तीन महिने ज्या मॅडमकडे सोबतीला जायची, त्या गेल्या. शुक्रवारी सकाळी भांडीवालीनं दार उघडलं तर त्या खुर्चीत तशाच. झोपेच्या गोळ्या पोटात फार गेल्या होत्या म्हणे. कॉफीतून. त्यांनी आपल्या हातानं घेतल्या की कुणी घातल्या, ते बघायचंय म्हणाले.

बेबी मोरीशी कपडे पिळत होती. तिला बोलावून मी शेजारी बसवलं आणि स्वतःही बसून राहिले. तरुण मुलीला परक्या पुरुषासमोर एकटी कशी सोडायची? सत्तावीस वर्षांची झाली तरी घरात ती बेबीच. अधिकाऱ्यांनी विचारलं, "काम सोडून किती दिवस झाले?" तीन आठवडे, म्हणाली. "त्यानंतर कधी गेली होतीस तिकडे? गुरुवारी दुपारी?" बेबीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही."

माझी मुलगी खोटं बोलत नाही. मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा. लिहून घेणाऱ्या बाईनं बेबीची सही घेतली. मी दोघांना पाणी दिलं. दोघांनीही पेले तोंडाला लावले. नंतर ते वेगळे काढून राखेनं घासले.

१२ मार्च, बुधवार

बेबी जेवत नाही. मॅडमसाठी रडते आहे. तीन महिन्यांची ओळख, एवढं काय रडायचं, असं मी म्हणाले.

ते काम मीच सोडायला लावलं होतं. बरंच झालं म्हणायचं. मॅडम म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. पाय गेलेले, मूलबाळ नाही. बाई सभ्य असेल असं वाटलं होतं. एक दिवस बेबी चष्मा विसरून गेली म्हणून द्यायला गेले, तर जिन्यातच हसणं ऐकू आलं. दोघी पत्ते खेळत होत्या. मॅडमच्या ओठांना त्या वयात रंग! मला म्हणाल्या, "या, या. तुमची मुलगी हसते किती छान हो. मला तर औषधच झालंय." मी घरी येताना सारा रस्ता विचार करत होते. घरी ही कधी एवढ्या मोठ्यानं हसत नाही. म्हणजे ते घरच तिला बिघडवत होतं. त्या संध्याकाळीच म्हटलं, उद्यापासून जायचं नाही. एका शब्दानं उलटून बोलली नाही. शहाणी आहे.

आज ह्यांना सगळं बोलून दाखवलं. हे म्हणाले, "तिला तिथं बरं वाटत होतं गं." मी म्हटलं, बरं वाटण्यावर जायचं तर संसार कुणी करायचा? मग हे पेपरात शिरले.

१७ मार्च, सोमवार

आज आम्हा तिघांना चौकीवर बोलावलं. लाकडी बाक, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, कोपऱ्यात कागदांच्या चळती. एवढा कागद वाया!

अधिकाऱ्यांनी नीट समजावून सांगितलं. मॅडमच्या खुर्चीजवळ काचेचे दोन पेले सापडले. एकात गोळ्यांचा अंश होता, तो मॅडमचा. दुसरा कुणाचा, ते कळत नाही. पेल्यांना लोकरीची विणलेली आवरणं होती, हात भाजू नयेत म्हणून. त्यामुळे बोटांचे ठसे नाहीत. मी म्हटलं, "बेबीचे ठसे तर घरभर असतील. तीन महिने होती तिथं." ते म्हणाले, "तेच ना काकू. घरातल्या ठशांनी काही सिद्ध होत नाही. पण भांडीवालीनं गुरुवारी बारा वाजता सगळे पेले घासून पालथे घातले होते. म्हणजे त्या पेल्यातून जो प्याला, तो बारानंतर तिथं होता. आणि काठावर ओठांचा ठसा आहे."

ओठांचा ठसा! मला नवलच वाटलं. ओठांवरच्या रेषाही बोटांवरच्या रेषांसारख्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात म्हणे. देवाची करणी बघा. एवढ्याशा जागेत एवढी नक्षी, आणि प्रत्येकाला निराळी.

आणि मला हसूच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "साहेब, मग तर प्रश्नच मिटला. आमच्या घरात भांड्याला तोंड लावत नाही कुणी. माझ्या आईनं मला लावू दिलं नाही, मी हिला लावू दिलं नाही. दोन वर्षांची असल्यापासून ही वरून पाणी पिते, एक थेंब सांडत नाही. चहा असला तर बशीत गार करून, तोही वरून. तुम्हाला वाटलं तर आत्ता पेला देऊन बघा."

हे म्हणाले, "साहेब, हिच्या राज्यात आम्ही पाणी हवेतूनच पितो." अधिकारी हसले. बेबी हसली नाही.

येताना हे हळूच म्हणाले, "बाहेर माणूस कसं पितं ते आपण कुठं बघायला जातो? ऑफिसात मी सुद्धा..." मी विचारलं, "तुम्ही सुद्धा काय?" तर म्हणाले, "काही नाही. बस आली." बस अजून वळणावरच होती.

१८ मार्च, मंगळवार

वकीलबाई घरी आल्या. ह्यांच्या जुन्या साहेबांची सून. चटपटीत आहे, बोलणं फटकळ. बसल्या बसल्या सांगितलं, "काकू, ठसा द्यायचा नाही. तो मागायला त्यांच्याकडे अजून कोर्टाचा हुकूम नाही. त्यांच्या हातात दुसरं काहीही नाही. आपण गप्प बसलो तर महिनाभरात मॅडमनी स्वतःच गोळ्या घेतल्या असं लिहून मोकळे होतील."

मी म्हटलं, "ज्यानं काही केलं नाही त्यानं तोंड का लपवायचं?"

"तोंड लपवायचं नाही, काकू, फक्त बंद ठेवायचं. तुम्हाला जमायला जरा अवघड आहे, पण जमवा."

असं घरच्या बाईला तिच्याच घरात कुणी बोलतं का? पण मी मान राखला. हे वकीलबाईंच्या बाजूचे दिसले.

त्या गेल्यावर मी बेबीला देवासमोर बसवलं. म्हटलं, "तू गेली नव्हतीस. पेल्याला तू तोंड लावत नाहीस. मग तो ठसा तुझा असेलच कसा? आपण स्वतःहून देऊ. दिला नाही तर जन्मभर लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणून दिला नाही. तुझं लग्न व्हायचंय."

"आई, नको ना."

"का नको?"

ती समईची वात सारखी करू लागली. मी विचारलं, "दुखतं की काय त्यात? नुसता कागद लावतात." मग मी म्हटलं, "ठीक आहे. तुला माझ्या शब्दापेक्षा वकिलीण मोठी असेल तर राहू दे. मी काही बोलणार नाही." आणि खरंच बोलले नाही. दुपारभर नाही, स्वयंपाक करताना नाही, ताट वाढतानाही नाही.

दिवेलागणीला तिनं येऊन सांगितलं, "देते मी. बोल तू माझ्याशी."

देवानंच तिला बुद्धी दिली.

२० मार्च, गुरुवार

प्रयोगशाळेत जाऊन आलो. लांबलचक खोली, फिनेलचा वास, टेबलावर मोठं भिंग आणि पांढरा दिवा. तिथल्या तज्ज्ञ बाई माझ्याच वयाच्या, केस पांढरे. वागायला मृदू. पुन्हा विचारलं, "स्वखुशीनं देताय ना?" बेबीच्या आधी मीच हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगू दे." मग बेबी हो म्हणाली.

आधी ओल्या कापसानं ओठ पुसले. मग छोट्या ब्रशनं लाल लिपस्टिक लावली, पातळ, चकाकी नसलेली. लावून होताच बेबीनं दोन्ही ओठ आत घेऊन एकमेकांवर दाबले. बाई म्हणाल्या, "अं हं, तसं नाही करायचं. सवयीनं होतं सगळ्यांचं. पुसून परत लावू या." मी म्हटलं, तिला कसली सवय? आमच्याकडे लिपस्टिक आणलेलीच नाही कधी. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नवा कापूस भिजवला.

दुसऱ्यांदा लावल्यावर दोन मिनिटं थांबलो. मग चिकटपट्टीचा तुकडा ओठांच्या मध्यावर ठेवून कडेपर्यंत दाबत नेला, उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवला. असे आठ केले. भिंगातून मलाही दाखवलं. किती बारीक रेघा! काही सरळ, काही फांदी फुटलेल्या, काही जाळीसारख्या. लहानपणी या ओठांना मी दूध लावलं, ताप आला की तूप लावलं, पण हे कधी दिसलं नव्हतं.

मी विचारलं, "यावरून अगदी नक्की कळतं का हो?" त्या म्हणाल्या, "खरं सांगू? बोटांच्या ठशाइतकं हे पक्कं नाही, सगळे मानतही नाहीत. पण जुळलं नाही तर मी लगेच तसं लिहीन." मी म्हटलं, "जुळणार नाहीच." मग त्या बेबीला म्हणाल्या, "बाळा, काही सांगायचंय का?" बेबीनं नाही म्हणून मान हलवली.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. त्या लाल ओठांनी बेबी सुंदर दिसत होती. वेगळीच कुणीतरी. मी पटकन रुमाल दिला आणि म्हटलं, पूस.

२७ मार्च, गुरुवार

काही कळलं नाही. रोज एक हजार जप जास्त करते आहे. बेबी खिडकीशी बसून असते. ह्यांनी तिला सहज विचारलं, "पत्ते खेळू या का गं?" मी म्हटलं, आपल्या घरात पत्ते नाहीत. हे म्हणाले, "आणता येतात." आणले मात्र नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

जुळलं.

सकाळी सातला आले. दोन बायका, तीन पुरुष. बेबीनं चूळ भरली होती फक्त. मी म्हणत राहिले, काहीतरी चूक आहे, परत तपासा, आम्ही भांड्याला तोंड लावत नाही. अधिकारी म्हणाले, "काकू, बाजूला व्हा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तिचं कपाट उघडलं. स्वेटरच्या घडीत एका डबीत सोन्याची कानातली निघाली. मॅडमची. आणि एक लिपस्टिक, अर्धी वापरलेली. मी म्हटलं, ही आमच्या घरातली नाहीच, कुणीतरी ठेवली असेल. बेबी म्हणाली, "आई, बस कर. मला दिली होती त्यांनी. दोन्ही." त्या लोकांसमोर बस कर म्हणाली.

जाताना चपला उलट्या घातल्या होत्या. ह्यांनी वाकून सरळ केल्या. बापाला मुलीच्या पायाशी वाकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

५ एप्रिल, शनिवार

वकीलबाई बेबीला भेटून आल्या. उभ्या उभ्याच सांगत होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

बेबी गुरुवारी तिथं होती. नुसती त्याच गुरुवारी नव्हे, काम सोडल्यावरही दर गुरुवारी जायची. मला शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगायची. दोघी पत्ते खेळायच्या, कॉफी प्यायच्या. त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, पाय फार ठणकतात, आता कंटाळा आला. कानातली बळेच तिच्या हातात कोंबली. बेबी चारला निघाली, तेव्हा मॅडम बोलत्याचालत्या होत्या. पुढचं तिला काही माहीत नाही.

"म्हणजे तिनं काही केलं नाही," मी म्हटलं.

"नाही केलं. पण पहिल्याच जबाबात गेले नव्हते म्हणाली, सही केली. आता सरकारी वकील म्हणणार, केलं नव्हतं तर खोटं का बोलली? वर घरात कानातली. त्या दिवशी हो म्हणाली असती ना, तर साक्षीदार म्हणून घरी गेली असती."

"मग का नाही म्हणाली?"

वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मी पण तेच विचारलं. म्हणाली, आई शेजारी बसली होती."

हे उठून मोरीत गेले. नळ सोडला आणि बराच वेळ सोडून ठेवला. मी पाणी वाया जातंय म्हणून ओरडले नाही.

१९ जून, गुरुवार

जामीन पुन्हा नाकारला. बेबीचं वजन नऊ किलो उतरलं. देवासमोर बसते, पण जपाचे आकडे चुकतात, परत पहिल्यापासून सुरू करते.

मी तिला फसवणारी म्हणून फार बोलले मनातल्या मनात. गुरुवारी मी मुद्दाम तिच्या आवडीची भाजी करायची, क्लासहून दमून येते म्हणून.

१८ जानेवारी, रविवार

परवा मला साक्षीला उभं राहायचंय. वकीलबाई तीन तास बसून होत्या.

म्हणाल्या, "काकू, ठसा आपण खोडू शकत नाही, तुम्हीच हौसेनं दिलाय. तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की हे सगळे मानत नाहीत, पण आता बेबी स्वतःच कबूल करते की ती तिथं होती. उरलं काय? ती खोटं का बोलली. तेवढं न्यायाधीशांना पटलं की बाकीचं आपोआप ढिलं पडतं. ते फक्त तुम्ही पटवू शकता. मी विचारीन, मुलगी तुम्हाला घाबरायची का? तुम्ही म्हणायचं, हो. घाबरायची. माझ्यासमोर तिला खरं बोलता येत नसे. बस्स."

मी विचारलं, "आणि ते खरं नसेल तर?"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "काकू, अहो..."

ह्यांनी मध्येच म्हटलं, "म्हण गं तेवढं. म्हण." गयावया करावी तसं म्हणाले.

मी विचार करते आहे. शपथ देवाची घ्यायची असते. मी बेबीला कधी बोट लावलेलं नाही. शिवी दिली नाही. उपाशी ठेवलं नाही. फार तर अबोला धरला असेन, आठ दिवस, पंधरा दिवस. एकदा मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेली तेव्हा महिनाभर. तोही तिच्या भल्यासाठी. याला घाबरवणं म्हणतात का? माझी आई माझ्याशी असंच वागायची आणि मी तिला मुळीच घाबरत नव्हते. मला तिच्यापुढे बोलावंसंच वाटायचं नाही, एवढंच.

२० जानेवारी, मंगळवार

झालं.

कठड्याला धरून उभी राहिले. पुढे न्यायाधीश, उजवीकडे बेबी, दोन बायकांच्या मध्ये. केस कापलेत तिचे. हातातल्या रुमालाची टोकं जुळवत होती, सारखी तीच चार टोकं.

शपथ घेतली. वकीलबाईंनी बेबीचं वय, शिक्षण, स्वभाव विचारला. मी सगळं खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी तुम्हाला घाबरायची का?"

मी हो म्हणणार होते. देवाला साक्षी ठेवून लिहिते, रात्रीपासून ठरवून गेले होते. शब्द तोंडात होता. पण समोर शेजारीपाजारी बसलेले. इतक्या लोकांत आपल्या तोंडानं म्हणायचं की माझी पोर मला घाबरते? म्हणजे मी काय केलं सत्तावीस वर्षं? देवाचं नाव घेतल्यावर जे मनात आलं तेच बोलले. म्हटलं, "नाही. आईला कोण घाबरतं? आमच्या घरात कुणी कुणाला घाबरत नाही."

वकीलबाईंनी परत विचारलं, शब्द फिरवून. मी परत तेच सांगितलं. मग सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "मला काहीच विचारायचं नाही." त्यांनी मला वाकून नमस्कार केला. बेबीच्या रुमालाची टोकं त्या वेळी जुळली होती, तिनं ती उलगडलीच नाहीत.

हे येताना बसमध्ये माझ्यापासून दोन बाकं सोडून बसले. जागा शेजारीच होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चौदा वर्षं.

वकीलबाई म्हणाल्या वरच्या कोर्टात जाऊ. आवाजात जोर नव्हता. मी हिशोब केला. ती सुटेल तेव्हा बेचाळीसची असेल, आणि मी असले तर चौऱ्याहत्तर. हे नसतील. ह्यांनी स्वतःच तसं म्हटलं, अगदी साधं बोलल्यासारखं, आणि चहा मागितला.

१ मार्च, रविवार

शिक्षा झाल्यावरची पहिली भेट. मध्ये जाळी. पंधरा मिनिटं. हे आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले.

बेबीनं विचारलं, बाबा जेवतात का. मी हो म्हटलं. तिनं विचारलं, तू बरी आहेस ना. मी हो म्हटलं. ती म्हणाली, स्वेटर पाठव, पण बटणांचा नको, आत चालत नाही. तिच्या शेजारच्या कैदीण बाईची आई मोठमोठ्यानं रडत होती आणि ती बाई आतून तिला शिव्या घालत होती. घाल म्हणावं, असं मला वाटून गेलं. का कोण जाणे.

मला एकच विचारायचं होतं. दीड महिना तेच मनात घोळत होतं. पहारेवाली घड्याळ बघू लागली तेव्हा मी जाळीला चिकटले आणि म्हटलं, "बेबी, मी कोर्टात बोलले ते... तू खरंच मला घा..."

"नाही गं आई," ती म्हणाली. "मुळीच नाही."

शब्दसुद्धा माझा पुरा झाला नव्हता, इतकी लगेच म्हणाली.